बेनी मॅकार्थी: स्ट्रायकर मोठा की कोच मोठा?

सेंटरफॉरवर्ड
इथे आफ्रिकन फुटबॉलवर बोलणं निघालं की द्रोग्बा, एटो, वेआ, सालाह आणि मग गाडी थांबते. बेनी मॅकार्थीचं नाव कोणी काढत नाही, काढलंच तर "तो टेन हाग मॅनेजर असतानाचा मँचेस्टर युनायटेडचा स्ट्रायकर कोच ना" एवढंच. मला हे फार खटकतं म्हणून वेगळा धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. केप टाऊनचा पोरगा, जन्म १९७७. विशी गाठायच्या आधीच आयाक्स, मग सेल्टा विगो, पोर्टो, ब्लॅकबर्न, वेस्ट हॅम आणि शेवटी घरी परत, ऑरलँडो पायरेट्स. देशाकडून ३१ गोल, तो रेकॉर्ड त्याच्याच नावावर. वर्ल्ड कपमधला साऊथ आफ्रिकेचा पहिला गोल त्याचा, १९९८ ला टुलूझमध्ये डेन्मार्कविरुद्ध आणि गोलकीपर कोण तर श्मायकेल. २००४ ला मोरिन्होच्या पोर्टोबरोबर चॅम्पियन्स लीग. मग कोचिंग: बेल्जियममध्ये सिंट-ट्रुईडनला असिस्टंट, केप टाऊन सिटी, अमाझुलू, मँचेस्टर युनायटेड आणि मार्च २०२५ पासून केनियाचा हेड कोच.

माझं मत असं की अमाझुलूचा २०२०-२१ चा सीझन हे त्याचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम आहे, पोर्टोपेक्षाही. पोर्टोत डेको होता, कार्व्हाल्यो होता, बेंचवर कोच म्हणून मोरिन्हो बसलेला होता. अमाझुलू म्हणजे डर्बनचा जुना क्लब, १९३२ चा, लीग जिंकलेली एकदाच ती पण १९७२ ला. डिसेंबर २०२० मध्ये बेनीने टीम हातात घेतली तेव्हा तळाच्या बाजूला होती आणि सीझन संपला तेव्हा दुसऱ्या नंबरवर, पुढे फक्त सनडाउन्स. क्लब पहिल्यांदा आफ्रिकन चॅम्पियन्स लीगला गेला. सीझनचा बेस्ट कोच म्हणून त्यालाच निवडलं. आणि एवढं करून युरोपात मिळालं काय, तर दुसऱ्याच्या हाताखाली फॉरवर्ड लोकांना फिनिशिंग शिकवायचं काम.

तुम्हाला काय वाटतं?

पुणेरी_बॅकपास
ब्लॅकबर्नचं नाव निघालं की आम्हा पुणेकरांना उत्तर द्यावंच लागतं. आमच्या पुण्याच्या चिकनवाल्या वेंकीजने क्लब घेतला नोव्हेंबर २०१० मध्ये, बेनी त्याच वर्षी फेब्रुवारीत वेस्ट हॅमला गेलेला. म्हणजे चिकनच्या त्या जाहिरातीतून पठ्ठ्या थोडक्यात वाचला :)

बाकी २००६-०७ चा बेनी काय होता राव. मार्क ह्यूजची टीम, प्रीमियर लीगमध्ये १८ गोल, त्याच्या पुढे फक्त द्रोग्बा २० वर. पहिलाच सीझन होता त्याचा इंग्लंडमधला.

माहीमकर९
>>पोर्टोपेक्षाही

नाही पटलं भाऊ. पोर्टोला कमी लेखू नका. २५ फेब्रुवारी २००४, चॅम्पियन्स लीग, पोर्टोचं ड्रॅगाओ स्टेडियम, आपल्याकडे रात्रीचा सव्वा वाजलेला. युनायटेड एक गोलने पुढे आणि तो गोल कोणाचा तर क्विंटन फॉर्च्युनचा, तो पण केप टाऊनचाच! मग बेनीने दोन मारले. दुसरा हेडर तर आजही बघा, एवढ्या लांबून घेतलेला हेडर असा वरच्या कोपऱ्यात बसतच नाही सहसा. शेवटी कीनला रेड कार्ड. आणि परतीच्या मॅचला, युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डला, शेवटच्या मिनिटाला कॉस्टिन्याने गोल मारला, मोरिन्हो टचलाईनवरून धावत सुटला, ते सगळ्यांना आठवतं, पण ज्या फ्री किकवरून बॉल युनायटेडचा गोलकीपर टिम हॉवर्डच्या हातातून सुटला ती फ्री किक मारली कोणी? बेनीनेच. ती फ्री किक नसती तर मोरिन्होचं पुढचं सगळं करिअर वेगळं झालं असतं.

त्याच सीझनला लीगमध्ये २० गोल, पोर्तुगालचा टॉप स्कोरर. हे एका बाजूला आणि साऊथ आफ्रिकन लीगमध्ये दुसरा नंबर एका बाजूला?

सेंटरफॉरवर्ड
माहीमकर, गोल ग्रेटच होते, वाद नाही. पण फायनलला तो सुरुवातीच्या अकरात नव्हता, शेवटच्या दहा-बारा मिनिटांना डेर्लेईच्या जागी आला. मी म्हणतोय ते एकट्याच्या खांद्यावर काय उभं राहिलं याबद्दल.

कोल्हापुरी_किक
आमच्यात असल्या प्रश्नाचं उत्तर एकच, गोल मारतोय तो मोठा 😀 कोच हरला की तालमीत सगळेच कोच असतात.

शाहू स्टेडियमवर नायजेरियन पोरं खेळायला लागली तेव्हापासून आमच्या पोरांचा फर्स्ट टच सुधारला हे मात्र खरं. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, आमच्या सगळ्या तालमींनी कधी ना कधी परदेशी प्लेअर आणलेत. अंगावर माणूस घेऊन बॉल दाबून धरायचा आणि वळायचं, हे यूट्यूब बघून येत नाही, शेजारी करणारा लागतो. म्हणून स्ट्रायकर कोच हे बारीक काम आहे असं मला अजिबात वाटत नाही.

मडगांवचो
कोल्हापुरी, हेच आमच्याकडे. गोव्याच्या डेम्पो क्लबला रँटी मार्टिन्स, चर्चिलला ओडाफा, त्या काळात फातोर्ड्याला मॅच म्हणजे हे दोघं काय करतात ते बघायला लोक यायचे. दोघेही नायजेरियाचे. पण त्यांच्यापैकी कोणाला इथल्या क्लबने नंतर बोलावून हेड कोच केलं असं झालं नाही. गोल करायला आफ्रिकन चालतो, टीम चालवायला युरोपियन हवा, हा हिशोब फक्त इंग्लंडचा नाही, आपलाही आहे. सेंटरफॉरवर्ड म्हणतात त्यात दम आहे.

ऑफसाईड_ताई
मला दोन्ही बाजू थोड्या अतिरेकी वाटतायत.

एक म्हणजे युनायटेडचं काम "मिळालं काय तर" असं म्हणण्यासारखं नव्हतं. मार्च २०२२ मध्ये अमाझुलू सुटलं, जुलैमध्ये तो ओल्ड ट्रॅफर्डला. पहिल्याच सीझनला युनायटेडचा फॉरवर्ड रॅशफर्डचे सगळ्या स्पर्धा मिळून ३० गोल, त्याच्या करिअरमधला बेस्ट. लीग कप जिंकला, पुढच्या वर्षी एफए कप. सगळं श्रेय बेनीचं असं नाही म्हणणार मी, पण रॅशफर्ड त्या वर्षी बॉक्समध्ये ज्या जागी उभा राहायला लागला, हेडर मारायला लागला, ते आपोआप आलेलं नाही.

दुसरी बाजू पण सांगते. २०२३-२४ मध्ये युनायटेड आठवे आले, लीगमध्ये ५७ गोल केले आणि ५८ खाल्ले. अटॅकिंग कोच म्हणून त्या ५७ ची जबाबदारी पण घ्यावीच लागते. नवीन स्ट्रायकर होयलुंडला प्रीमियर लीगमधला पहिला गोल करायला डिसेंबर उजाडला. श्रेय घ्यायचं तर दोन्ही वर्षांचं घ्या.

केपटाऊनी
मी इथे केप टाऊनला कामानिमित्त असते, वाचनमात्र होते पण या धाग्यावर राहवलं नाही.

बेनी ज्या हॅनोव्हर पार्कमधला आहे ते समजल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलणं अपुरं राहतं. शहराच्या मध्यात डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची वस्ती होती, सगळ्या जातीधर्माचे लोक राहायचे. १९६६ मध्ये सरकारने ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली आणि हजारो कुटुंबं उचलून लांब वाळूच्या सपाट माळावर, केप फ्लॅट्सवर नेऊन टाकली. हॅनोव्हर पार्कला नाव मिळालं ते डिस्ट्रिक्ट सिक्समधल्या हॅनोव्हर स्ट्रीटवरून. माणसं हलवली आणि रस्त्याचं नाव तेवढं सोबत दिलं. आजही तिथे गँगचा गोळीबार झाला की शाळा बंद ठेवाव्या लागतात.

त्यात हेही लक्षात घ्या की वर्णभेदामुळे बाहेर ठेवलेल्या साऊथ आफ्रिकेला फिफाने परत घेतलं १९९२ मध्ये. बेनी तेव्हा चौदा वर्षांचा. त्याच्या आधीच्या पिढीतल्या मोठ्या मोठ्या खेळाडूंना देशाकडून खेळायलाच मिळालं नाही, जोमो सोनोसारख्या माणसाला सुद्धा. आणि त्याच जोमो सोनोने कोच म्हणून १९९८ च्या आफ्रिका कपला बेनीला खेळवलं. इथले जुने लोक त्या स्पर्धेबद्दल अजून बोलतात.

माझ्या ऑफिसमधले केप फ्लॅट्सचे सहकारी त्याच्याबद्दल बोलताना चॅम्पियन्स लीग नंतर काढतात, आधी सांगतात की तो आमच्या रस्त्यावरचा. त्यामुळे माझ्यासाठी स्ट्रायकर की कोच हा वाद थोडा बाहेरून घातलेला आहे.

माहीमकर९
केपटाऊनी, सुंदर लिहिलंत. लिहीत राहा.

जुनाणा
१९९८ चा आफ्रिका कप निघालाच आहे तर मला बोलू द्या, कारण या धाग्याच्या विषयाला त्या एका स्पर्धेइतकं जवळचं दुसरं काही नाही.

बुर्किना फासोमध्ये झाली. बेनी वीस वर्षांचा. नामिबियाविरुद्ध त्याने तेरा मिनिटांत चार गोल मारले, मॅच अजून बावीस मिनिटांची झाली नव्हती. स्पर्धेत एकूण सात. आणि समोरच्या बाजूला इजिप्तचा होसाम हसन, एकतीस वर्षांचा, त्याचेही सात. दोघे टॉप स्कोरर, दोघे फायनलला समोरासमोर. इजिप्त २-० ने जिंकलं, स्पर्धेतला बेस्ट प्लेअर मात्र बेनी.

आता बघा. इजिप्तचा कोच होता महमूद अल-गोहारी. हा माणूस स्वतः फॉरवर्ड, १९५९ च्या आफ्रिका कपचा टॉप स्कोरर आणि विजेता. म्हणजे खेळाडू म्हणून जिंकला आणि एकोणचाळीस वर्षांनी कोच म्हणून जिंकला, असं करणारा पहिला माणूस. १९९० ला इजिप्तला वर्ल्ड कपला त्यानेच नेलं होतं आणि त्या टीमचा स्ट्रायकर कोण तर हाच होसाम हसन. समोरच्या बेंचवर जोमो सोनो, तोही फॉरवर्डच. आज होसाम हसन इजिप्तचा कोच आहे, फेब्रुवारी २०२४ पासून, आणि त्याने २०२६ च्या वर्ल्ड कपचं तिकीट काढलं. बेनी केनियाचा. एका फायनलमध्ये चार फॉरवर्ड, दोन बेंचवर, दोन मैदानात, आणि मैदानातले दोघेही पुढे बेंचवर आले.

त्यामुळे "स्ट्रायकर लोकांना कोचिंग जमत नाही" हे जे इथे दर वर्ल्ड कपला कोणीतरी लिहितं, ते आफ्रिकेच्या बाबतीत तरी साफ खोटं आहे.

कोल्हापुरी_किक
जुनाणा काका 🙏 तुमचा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका.

पेनल्टी_स्पॉट
सगळे फार गोड गोड लिहिताय म्हणून थोडं तिखट.

बेनीचं करिअर म्हणजे टॅलेंटपेक्षा कमी मिळालेलं करिअर आहे आणि त्याला बऱ्यापैकी तो स्वतः जबाबदार. फेडरेशनशी सतत भांडणं. २००२ च्या वर्ल्ड कपनंतर देशाकडून खेळणं सोडलं, मग परत आला, मग परत वाद. एवढा मोठा स्ट्रायकर आणि ८० च्या आसपास मॅचेस, कारण अर्ध्या वेळा तो टीममध्येच नसायचा. वेस्ट हॅमला गेला तो वजनावरून गाजला, एकही गोल नाही. आणि २०१० ला घरच्या वर्ल्ड कपला कोच पारेराने त्याला शेवटच्या तेवीसातून काढलं, फिटनेसवरून. पारेराला दोष देणं सोपं आहे पण कोच म्हणून आज बेनी स्वतः तेव्हाच्या बेनीला घेईल का हो?

केप टाऊन सिटीत पण नोव्हेंबर २०१९ मध्ये काढलंच ना त्याला.

सेंटरफॉरवर्ड
पेनल्टी_स्पॉट, केप टाऊन सिटीचं अर्धंच सांगितलंत. २०१७ मध्ये आला तेव्हा क्लब जेमतेम एक वर्षाचा होता. पहिल्याच सीझनला एमटीएन एट या तिथल्या कपच्या फायनलला, सुपरस्पोर्टकडून पेनल्टीवर हरले. पुढच्या वर्षी परत फायनल, परत सुपरस्पोर्ट, परत पेनल्टी आणि या वेळी जिंकले. हेड कोच म्हणून पहिली नोकरी आणि त्यात ट्रॉफी. नंतर निकाल बिघडले, काढलं, ते खरं. पण ज्या कोचला कधी काढलं नाही असा एक दाखवा.

आणि २०१० बद्दल. मेक्सिकोविरुद्ध १-१ असताना शेवटच्या मिनिटांत साऊथ आफ्रिकेच्या एमफेलाचा शॉट पोस्टला लागला. साऊथ आफ्रिका गोल डिफरन्सवर बाहेर गेली, पहिल्या राऊंडला बाहेर जाणारे पहिले यजमान. एका गोलची किंमत किती असते ते तिथे कळलं आणि देशाचा सगळ्यात जास्त गोल मारणारा माणूस घरी बसलेला. अनफिट बेनी बेंचवर ठेवून शेवटची वीस मिनिटं वापरता आला असता हे माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे.

ऑफसाईड_ताई
पेनल्टी_स्पॉटच्या शेवटच्या प्रश्नात खरं तर उत्तर आहे. ज्याने स्वतः वजन, भांडणं, बेंच, टीममधून वगळलं जाणं हे सगळं भोगलंय त्याला अडलेल्या खेळाडूशी कसं बोलायचं ते कळतं. अमाझुलूत त्याच्याकडे सिफिवे शबालाला होता, तोच, २०१० चा पहिला गोल मारणारा, तेव्हा छत्तीसचा झालेला. इतरही बरेच जण दुसऱ्या क्लबांनी सोडून दिलेले. ती टीम कोरोनामुळे रिकाम्या स्टेडियममध्ये खेळत खेळत दुसरी आली. आणि पुढच्या सीझनला आफ्रिकन चॅम्पियन्स लीगमध्ये पदार्पणातच टीपी मझेंबेला बाहेर काढून ग्रुपला गेली. मझेंबे म्हणजे पाच वेळचे चॅम्पियन! हे मला रॅशफर्डच्या ३० गोलपेक्षा मोठं वाटतं.

माहीमकर९
ताई तुम्ही हळूच सेंटरफॉरवर्डच्या पार्टीत गेलात :)

मडगांवचो
आफ्रिकन कोच म्हटलं की कतार २०२२ आठवतो. पाचही आफ्रिकन टीमचे कोच त्या त्या देशाचे, असं आधी कधी झालं नव्हतं. आणि मोरोक्कोचा रेग्रागी सेमीफायनलला. पण रेग्रागी डिफेंडर, सेनेगलचा सिसे मिडफिल्डर, कॅमेरूनचा साँग डिफेंडर. जुनाणांची थिअरी तिथे थोडी अडकते.

जुनाणा
थिअरी नाही रे बाबा, उदाहरणं आहेत. अजून एक देतो, कालुशा ब्वाल्या. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकला झांबियाने इटलीला ४-० हरवलं त्यात याची हॅटट्रिक. १९९३ मध्ये गॅबॉनजवळ झांबियाची अख्खी टीम विमान अपघातात गेली, हा हॉलंडहून वेगळा येणार होता म्हणून राहिला. त्याच माणसाने नवीन टीमचा कॅप्टन होऊन पुढच्याच वर्षी आफ्रिका कपची फायनल गाठली. नंतर कोच झाला आणि सप्टेंबर २००४ मध्ये वर्ल्ड कप क्वालिफायरला लायबेरियाविरुद्ध गोल होईना म्हणून एक्केचाळीसाव्या वर्षी बेंचवरून स्वतःच मैदानात उतरला आणि फ्री किकवर मॅच जिंकून दिली.

कोल्हापुरी_किक
काय सांगता! कोचनेच स्वतःला सब्स्टिट्यूट घेतलं?

जुनाणा
होय. १-० जिंकले.

पुणेरी_बॅकपास
बेनीनेही केनियासाठी उतरावं मग. ब्लॅकबर्नसाठी पण चालेल, आम्ही नाही म्हणणार नाही.

नैरोबीकर
उशिरा आलो पण केनियाबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो, मी गेली बरीच वर्षं नैरोबीतच आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये इथे चॅन झाली, म्हणजे फक्त आपापल्या देशातल्या लीगमध्ये खेळणाऱ्यांची आफ्रिका कप. केनिया, युगांडा, टांझानिया मिळून यजमान. ग्रुपमध्ये मोरोक्को, डीआर काँगो, अंगोला, झांबिया, पेपरवाले म्हणत होते की घरची टीम आहे म्हणून दोन-चार मॅच बघायला मिळतील इतकंच. काँगोला १-०, अंगोलाशी बरोबरी, मग नैरोबीच्या कासारानी स्टेडियमला मोरोक्को. पहिल्या हाफमध्येच आपला एक माणूस रेड कार्डवर बाहेर, त्याच्या आसपासच रायन ओगमने गोल मारलेला आणि मग पूर्ण दुसरा हाफ दहा जणांनी तो गोल राखला. मोरोक्को पुढे ती स्पर्धा जिंकले, लक्षात घ्या. झांबियालाही १-०, ग्रुपमध्ये पहिला नंबर. लोक एवढे लोटले की गेट तुटायची वेळ आली आणि सीएएफने, म्हणजे आफ्रिकन फुटबॉलच्या संघटनेने, कासारानीतली प्रेक्षकसंख्या २७,००० वर आणली. राष्ट्राध्यक्ष रुटोंनी प्रत्येक विजयाला प्रत्येक खेळाडूमागे दहा लाख शिलिंग लावले होते, त्यामुळे टॅक्सीवाला पण हिशोब करत होता.

क्वार्टरफायनलला मादागास्करकडून पेनल्टीवर गेले. खूप वाईट वाटलं.

पण बेनीचं काम मला कुठे दिसलं ते सांगतो. केनियाची टीम आधी गोल खाल्ला की तुटायची. ही टीम चार ग्रुप मॅचेसमध्ये फक्त एक गोल खाऊन बाहेर आली. स्ट्रायकर कोच म्हणून ओळखला जाणारा माणूस आणि कमावलं काय तर बचाव. गोल मारणारा माणूस असल्यामुळे त्याला माहीत आहे की फॉरवर्डला काय आवडत नाही, बॉक्सच्या समोर गर्दी आणि वळायला जागा नाही. मोरोक्कोच्या मॅचला नेमकं तेच केलं.

उलट बाजूने, वर्ल्ड कप क्वालिफायर त्याच्या हातात आले तेव्हा गाडी आधीच मागे होती, गांबियाविरुद्ध ३-३, मग घरी गॅबॉनकडून १-२, तिथे फार काही करता आलं नाही. खरी परीक्षा २०२७ चा आफ्रिका कप, तोही इथेच आहे, तिन्ही देश मिळून. केनिया आजवर ग्रुपच्या पुढे कधीच गेलेली नाही.

पेनल्टी_स्पॉट
नैरोबीकर, हा प्रतिसाद आवडला. बचावाचा मुद्दा पटला. पण १-०, १-०, १-० म्हणजे गोल येत नाहीयेत असंही वाचता येईल ना? इतका मोठा फिनिशर कोच असताना?

नैरोबीकर
येईल. आणि तीच काळजी आहे. ओगम त्या स्पर्धेनंतर ऑस्ट्रियाला गेला, ते चांगलंच झालं. पण सीनियर टीमचा सगळा भार अजून स्ट्रायकर ओलुंगावर आहे आणि २०२७ पर्यंत तो तेहेतीसचा होईल.

केपटाऊनी
इथल्या लोकांचं म्हणणं असं की बेनीने बाफाना बाफानाचा, म्हणजे साऊथ आफ्रिकेच्या टीमचा, कोच व्हायला हवं. ह्यूगो ब्रूसने टीम छान बांधली, २०२४ च्या आफ्रिका कपला तिसरा नंबर, वर्ल्ड कपला पण पोचवली. त्याच्यानंतर कोण हा प्रश्न निघाला की बेनीचं नाव येतं आणि लगेच कोणीतरी फेडरेशनबरोबरची जुनी भांडणं काढतं, अगदी पेनल्टी_स्पॉटसारखं.

माहीमकर९
मी माझ्या मतावर आहे, ड्रॅगाओचा हेडर पहिला. पण नैरोबीकरांचं वाचून एवढं म्हणेन की २०२७ ला केनिया सेमीफायनलला गेली तर मत बदलेन.

सेंटरफॉरवर्ड
माहीमकर, सेमीफायनल फार झाली, ग्रुपच्या पुढे गेली तरी केनियासाठी इतिहास आहे, तेवढ्यावर मान्य करा. नैरोबीकर, ओगम आणि ओलुंगा दोघांना एकत्र खेळवतो का तो, की एकच पुढे ठेवतो? आणि तिथल्या लीगमधून तिसरा कोणी वर येतोय का?

नैरोबीकर
रविवारी एक लीग मॅच बघायला जातोय, इथल्या गोर माहिया क्लबची. तिथे दोन पोरांवर लक्ष ठेवायला मित्राने सांगितलंय. बघून आलो की इथेच लिहितो.